वारुसचे सैनिक आणि पाठीवरचं ओझं : २८ मिलिमीटरच्या एका तुकडीचं प्रकरण

'इम्पीरियल रोमन' म्हणून २८ मिलिमीटरच्या प्लास्टिक सैनिकांची पेटी मागवली की आतून जवळपास नेहमी तोच माणूस निघतो. पोलादी पट्ट्यांचं चिलखत, आयताकृती वळणदार ढाल, ढालीवर पंख आणि वीज, उजवा हात मागे आणि त्यात फेकायच्या तयारीतला पिलम, म्हणजे रोमन भाला. हा माणूस खोटा नाही. पण तो रोममधल्या सम्राट ट्रेजनच्या कोरीव विजयस्तंभावरून खाली उतरलेला आहे आणि तो स्तंभ इ. स. ११३ मधला. आमचा गट अशा छोट्या सैनिकांनी टेबलावर जुन्या लढाया खेळतो, आणि आम्हाला मांडायची होती इ. स. ९ मधली ट्युटोबर्गच्या जंगलातली कत्तल. मधल्या शंभर वर्षांचं काय करायचं, या प्रश्नाने काम सुरू झालं आणि भलत्याच ठिकाणी जाऊन थांबलं. ते कसं, हे सांगण्यासाठी हे टिपण.

लढाईची ओळख थोडक्यात. रोमचा जर्मनीतला सेनापती पुब्लियुस क्विंक्टिलियस वारुस उन्हाळी मुक्काम आटोपून ऱ्हाइनकडे परतत होता. बरोबर १७, १८ आणि १९ क्रमांकाची तीन लीजन, म्हणजे रोमन फौजेचे मोठे विभाग, सहायक पायदळाच्या सहा कोहोर्ट, म्हणजे पलटणी, आणि घोडदळाच्या तीन तुकड्या. वाट दाखवायला आर्मिनियस. जन्माने चेरुस्की टोळीचा सरदारपुत्र, कागदोपत्री रोमन नागरिक, रोमच्या सहायक फौजेत मुरलेला. त्याने फौज अरुंद वाटेवर नेली आणि जंगलातून हल्ले सुरू झाले. तीन-चार दिवसांत सगळं संपलं. मेलेल्यांचा अंदाज पंधरा ते वीस हजारांचा. वारुसने स्वतःला संपवलं. ते तिन्ही क्रमांक रोमने पुन्हा कुठल्याही लीजनला दिले नाहीत.

पहिलं भांडण : चिलखत

आमच्यात एकजण असा आहे की जो बटणं मोजतो, म्हणजे पोशाखाच्या बारीकसारीक तपशिलावर अडून बसतो. (असा माणूस प्रत्येक गटात असतो, आणि असावाही.) त्याचं म्हणणं, पट्ट्यांचं चिलखत घातलेला एकही सैनिक टेबलावर नको, सगळ्यांना साखळीचं चिलखत हवं, कारण इ. स. ९ मध्ये पट्ट्या कुठून आल्या?

एकेकाळी हा आक्षेप बिनतोड होता. पट्ट्यांच्या चिलखताचं जे रूप बहुतेक मूर्तिकार घडवतात ते इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉर्ब्रिज इथे १९६४ मध्ये सापडलेल्या साठ्यावर बेतलेलं आहे आणि तो साठा दुसऱ्या शतकातला. पण ऑस्नाब्रुकच्या उत्तरेला, काल्क्रीझच्या टेकडीपाशी गोष्ट बदलली. टोनी क्लन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याला १९८७ मध्ये तिथे मेटल डिटेक्टरने रोमन चांदीची नाणी सापडली, पुढच्या वर्षी गोफणीचे शिशाचे गोळे मिळाले आणि मग रीतसर उत्खनन सुरू झालं. २०१८ मध्ये तिथल्या मातीतून जवळजवळ अख्खं पट्ट्यांचं चिलखत निघालं. आजवर हाती आलेल्या अशा चिलखतांत ते सगळ्यात जुनं आहे. त्याच्याबरोबर मान आणि हात एकत्र जखडणारी लोखंडी बेडीही होती. हरलेल्या सैनिकाला त्याच्याच फौजेच्या सामानातल्या बेडीत अडकवलं असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो.

त्याच काल्क्रीझमध्ये साखळी चिलखताची आकडीही सापडली आहे. तिच्यावर मार्कुस आयुस हे नाव आणि फाब्रिकियसच्या सेंच्युरीचा, म्हणजे लीजनमधल्या छोट्या तुकडीचा, उल्लेख कोरलेला आहे. म्हणजे दोन्ही प्रकार एकाच रस्त्यावर चालत होते. निकाल असा लागला की तुकडीत दोन्ही मिसळायचे, साखळीवाले जास्त. कॉर्ब्रिजच्या आणि काल्क्रीझच्या पट्ट्यांमधल्या बकलांचा फरक २८ मिलिमीटरवर भिंगातूनही कळत नाही, त्यामुळे त्याच्यावर मी एक संध्याकाळही खर्च केली नसती. बटण-मोजे अजून नाराज आहेत.

ढालींचं तसं नव्हतं, कारण ढाल लांबूनही दिसते. पेटीतली चौकोनी ढाल स्तंभावरची. सम्राट ऑगस्टसच्या, म्हणजे वारुसच्याच काळातली ढाल अजून लंबगोल वळणाची, बाजू फुगीर, फक्त वरची-खालची टोकं कापल्यासारखी. इजिप्तमधल्या फायूम भागात त्या लंबगोल घराण्यातली एक खरी ढाल टिकून राहिली आहे. सुमारे १२८ सेंटिमीटर उंच, ६३ सेंटिमीटर रुंद, बर्चच्या पातळ पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवून केलेली, वरून लोकरीचा नमदा. थोडक्यात प्लायवूड. ढालींचे कोपरे कानशीने गोल करत बसलो तेव्हा या एका शब्दाने काम दुसरीकडे वळवलं. प्लायवूड डिंकाने चिकटलेलं असतं, आणि प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला डिंक पाण्यात सुटतो.

खरा प्रश्न : हे लोक त्या क्षणी काय करत होते?

कॅसियस डियो हा इतिहासकार या लढाईनंतर दोनशे वर्षांनी लिहितो, पण सगळ्यात सविस्तर तोच लिहितो. त्याच्या वर्णनात फौज लढाईच्या रचनेत नाहीच. गाड्या आहेत, ओझ्याची जनावरं आहेत, बायका-मुलं आहेत, नोकरचाकर आहेत, आणि सैनिक त्यांच्यात मिसळून विस्कळीत चालले आहेत. झाडं तोडून वाट काढावी लागते आहे. पाऊस आणि वारा आहे, मुळांवरून पाय घसरतात, आणि पुढे तर ढाली इतक्या भिजतात की धड हाताळता येत नाहीत. दुसरा इतिहासकार व्हेलियस स्वतः त्या काळात जर्मनीत लढलेला. तो जंगल, दलदल आणि दबा सांगतो, वादळाचं नाव काढत नाही. तेव्हा डियोच्या वादळात थोडी नाटकाची भर असेल. पण कूच करणारी फौज गाठली गेली, यावर दुमत नाही.

आणि कूच करणारा रोमन सैनिक पेटीतल्या सैनिकासारखा दिसत नाही. चिलखत आणि ढालीचा आकार यांवर आम्ही इतकं भांडलो, पण सैनिकाच्या पाठीवर काय होतं हे कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या मते ऐतिहासिक मिनिएचरमधली सगळ्यात मोठी चूक चुकीच्या वस्तूची क्वचित असते. ती चुकीच्या क्षणाची असते. पेटी विकायची तर हल्ल्याचा क्षण विकला जातो, आणि हल्ल्याच्या क्षणी सामान आधीच खाली ठेवलेलं असतं. आर्मिनियसने नेमकी तीच उसंत दिली नाही.

सामान काय होतं, याची माहिती चांगली आहे. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस सांगतो की रोमन पायदळातला माणूस करवत, टोपली, कुदळ, कुऱ्हाड, चामड्याचा पट्टा, विळा, साखळी आणि तीन दिवसांची शिधा घेऊन चालतो, त्याच्यात आणि खेचरात फारसा फरक राहत नाही. रोमन लोक स्वतःच अशा सैनिकांना 'मारियसची खेचरं' म्हणत. वेगेटियस हा रोमन लेखक बराच उशिराचा, पण त्याने नव्या भरतीच्या सरावासाठी हत्यारांखेरीज ६० रोमन पौंडांचं ओझं सांगितलं आहे, म्हणजे जवळपास २० किलो. त्यात दहा-बारा किलोचं साखळी चिलखत, सात ते दहा किलोची ढाल, शिरस्त्राण, तलवार, खंजीर आणि भाला धरा, की चाळीस किलोच्या वर जातं. डोंगरात ट्रेकला जाणारा कुणीही सांगेल की चाळीस किलो घेऊन निसरड्या उतारावर माणूस मागे वळूनसुद्धा बघत नाही.

हे सामान दिसत कसं होतं, ते पुन्हा ट्रेजनचा स्तंभच सांगतो, फक्त लढाईच्या नव्हे तर कुचाच्या पटात. खांद्यावर आडवी पट्टी असलेली काठी, तिला बांधलेली चामडी थैली, जाळीची पिशवी, धातूचं भांडं, पाण्याची बुधली. डोकं उघडं, शिरस्त्राण छातीशी लोंबतं. ढालीला मात्र स्तंभावर खोळ नाही. ती पुराव्यात वेगळीकडे भेटते. स्वित्झर्लंडमधल्या विंडिश आणि वेल्समधल्या कार्लिऑन इथल्या छावण्यांत ढालींच्या चामडी खोळींचे तुकडे सापडले आहेत. प्लायवूडवर डिंक, डिंकावर पाऊस, म्हणून वरून शेळीचं कातडं. सरळ हिशोब आहे.

या खोळीने आमचं आणखी एक भांडण मिटवलं. १७, १८ आणि १९ या लीजनांच्या ढालींवर कोणतं चिन्ह होतं, याची नोंद कुठेच नाही. पेटीतली पंख-वीज त्यांच्या ढालींवर चढवणं म्हणजे निव्वळ कल्पना. खोळ घातली की चिन्हाचा प्रश्नच येत नाही. वर तपकिरी चामडं, ढालीच्या मधल्या फुगवट्यासाठी गोल भोक, झालं. ब्रशचं निम्मं काम वाचलं, हे वेगळंच.

टेबलावर बसून

२८ मिलिमीटर हे माप तळव्यापासून डोळ्यापर्यंतचं. त्या काळचा माणूस धरला तर साधारण १:५६ असं प्रमाण येतं. पिलम दोन मीटरचा, म्हणजे ३६ मिलिमीटर. पण त्याची लोखंडी दांडी खरी बोटापेक्षा बारीक, प्रमाणात ती मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग भरेल. तेवढं बारीक प्लास्टिक साच्यातून निघत नाही आणि निघालं तरी पहिल्या खेळात मोडेल. म्हणून पेटीतल्या पिलमची दांडी मोठ्या मापात उलट मोजली तर चार सेंटिमीटर जाड, ढाल पाच सेंटिमीटर जाड. खरी ढाल पाच-सहा मिलिमीटरची असावी. ही खोटी जाडी मी चालवून घेतो. तीन फुटांवरून बघणाऱ्या डोळ्याला ती लागते, नाहीतर तुकडी केसाळ दिसते. पिलम मात्र आम्ही तारेचे केले, टोक हातोडीने ठोकून चपटं केलं. प्लास्टिकचे वाकडे भाले बघवत नाहीत.

खोळीसाठी साधा टिश्यू पेपर. पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भिजवून ढालीवर पसरायचा, कडा मागे दुमडायच्या, वाळला की चामड्यासारख्या सुरकुत्या आपोआप पडतात. थैल्या आणि गुंडाळलेल्या घोंगड्या एम-सीलच्या. परदेशी पुट्टी जास्त लवचिक असते हे खरं, पण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते ती एम-सील, आणि थैलीला लवचिकता लागते कुठे?

काठ्यांचं उत्तर खराट्यात मिळालं. नारळाच्या झापाचा हीर जेमतेम मिलिमीटरचा, सरळ, आणि टोकाकडे निमुळता. खांद्यावरच्या काठीला तोच, आणि छावणीभोवती रोवायच्या खुंटांनाही तोच. हे खुंट जर्मनीतच ओबेराडेन इथल्या, वारुसच्या वीसेक वर्षं आधीच्या छावणीत शेकड्यांनी सापडले आहेत. ओकचे, दोन्ही टोकांना धार, मध्ये हातात धरायला खाच. हे खुंट प्रत्येकाने स्वतः उचलायचे की खेचरांवर लादायचे, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे. आम्ही खेचरांवर लादले, कारण सैनिकांच्या खांद्यावर आता जागा उरली नव्हती.

उघड्या डोक्यांची अडचण आली. पेटीत सगळी डोकी शिरस्त्राणासकट, कूच करणारी डोकी वेगळी विकत घ्यायची तर खर्च दुप्पट. मार्ग पेनुलाने दिला. पेनुला म्हणजे टोपी जोडलेला लोकरी झगा. ऱ्हाइनकाठच्या पहिल्या शतकातल्या समाधिशिळांवर सैनिक तो घातलेले दिसतात, आणि पावसात दुसरं काय घालणार? शिरस्त्राणाची कड कानशीने घासून वर एम-सीलची टोपी ओढली की डोकंही झाकतं आणि खांद्यावरचा जोडही.

प्रायमर मारायची वेळ आपल्याकडच्या जुलैत आली. दमट हवेत स्प्रे मारला की पांढुरका थर धरतो, त्याखाली सगळं बारीक काम पुरलं जातं. त्यामुळे आम्ही ब्रशनेच प्रायमर लावला. वेळ गेला, पण सुरकुत्या वाचल्या.

अंगरख्यांच्या रंगावर मी फार बोलणार नाही. लाल की पांढरा, हा वाद पुराव्याने सुटणारा नाही. आम्ही मळकट पांढरा, फिका विटकरी आणि दोन-चार तपकिरी असे मिसळले. चिखलाचा हात सगळ्यांना सारखा दिला.

एक आकृती मात्र मुद्दाम नावाने घडवली. क्झांटेनला सापडलेली आणि आता बॉनच्या संग्रहालयात असलेली मार्कुस केलियसची स्मृतिशिळा. १८ व्या लीजनचा सेंच्युरियन, म्हणजे सेंच्युरीचा नायक, वय ५३, 'वारुसच्या युद्धात पडला' असं तिच्यावर कोरलेलं आहे. हातात द्राक्षवेलीची काठी, छातीवर पदकं, डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट, आणि दोन्ही बाजूंना त्याच्या दोन मुक्त गुलामांचे चेहरे. या लढाईत मेलेल्यांपैकी ज्यांचा चेहरा आपल्यासमोर आहे अशा अगदी मोजक्या माणसांपैकी हा एक. जंगलातल्या पावसात त्याने पदकं लावली नसणार, हे कळत होतं. तरीही लावली. एवढी सूट मी स्वतःला दिली.

ओझ्याचा नियम

तुकडी तयार झाली आणि लक्षात आलं की नियमपुस्तिकेला या ओझ्याचं काही सोयरसुतक नाही. तिच्यात रोमन पायदळ म्हणजे चिलखत इतकं, शिस्त इतकी, फासे इतके. कूच करणारा आणि सज्ज उभा असलेला एकाच मोलाचे. मग एवढी खटपट नुसती दिसण्यापुरती ठरली असती.

आम्ही साधा नियम घातला. तुकडी 'ओझ्यासह' असेल तर लढताना अर्धे फासे. ओझं टाकून ढालीची खोळ काढायला एक संपूर्ण डाव लागतो आणि त्या डावात हलता येत नाही. टाकलेल्या सामानाचा ढीग, म्हणजे वेगळा छोटा बेस (आकृती चिकटवायची बैठक), तिथेच टेबलावर राहतो. जर्मन तुकडी ढिगाजवळून गेली तर तिला फासा टाकून बघावं लागतं, ती लुटायला थांबते का. हा शेवटचा भाग हवेतून काढलेला नाही. सहा वर्षांनंतर केकिना या रोमन सेनापतीची फौज अशीच अडकली होती. शत्रू मारायचं सोडून लुटीला लागला म्हणून ती सुटली, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. काल्क्रीझचा घोडेस्वाराचा लोखंडी मुखवटाही हेच सांगतो. त्याच्यावरचा चांदीचा पत्रा कुणीतरी ओरबाडून नेला आहे.

काही वेळा खेळल्यावर एक गंमत दिसली. रोमन बाजूचे खेळाडू ओझं टाकतच नव्हते. सामान वाचवलं तर गुण मिळतात, असं आम्हीच प्रसंगात लिहिलं होतं. 'अजून एक डाव चालू दे, मग टाकतो,' असं म्हणत ते पुढे सरकत, आणि तो एक डाव कधी मिळत नसे. डियोच्या कथेत पहिल्या रात्रीच्या मुक्कामात रोमनांनी बहुतेक गाड्या जाळल्या किंवा सोडल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते जरा बऱ्या रचनेत निघाले. म्हणून आता प्रसंगाचे दोन भाग आहेत. मधल्या रात्री सेनापतीने ठरवायचं, काय जाळायचं. जाळलं तर दुसऱ्या दिवशी सज्ज तुकड्या मिळतात, पण अन्न नाही आणि पुढची छावणी बांधायला अवजारं नाहीत. हा निर्णय घेताना खेळाडू जितके कुरकुरतात तितके लढाईच्या कुठल्याही फाशावर कुरकुरत नाहीत.

यासाठी सैनिकांचा दुसरा संच नव्याने घडवावा लागला नाही. ओझ्यासहच्या तुकड्या आघाडीला, आणि ओझं टाकलं की त्यांच्या जागी पेटीतले नेहमीचे, हात उगारलेले. त्यांना शेवटी त्यांचा क्षण मिळाला.

टेबलावरचा भूगोल काल्क्रीझचाच घेतला : डावीकडे टेकडी, उजवीकडे मोठी दलदल, मध्ये अरुंद वाट. ही जागा वारुसची की नंतर आलेल्या जर्मेनिकस या रोमन सेनापतीच्या मोहिमेतली, यावर बराच काळ वाद होता. २०२२ मध्ये बोखुमच्या खाण संग्रहालयातल्या तपासणीत तिथल्या धातूच्या वस्तूंचा रासायनिक ठसा १९ व्या लीजनच्या जुन्या छावणीतल्या वस्तूंशी जुळला, आणि पारडं वारुसच्या बाजूला झुकलं. टेकडीच्या पायथ्याशी सापडलेल्या मातीच्या बांधावर मात्र अजून एकमत नाही. जर्मनांनी दबा धरायला बांधला, की रोमनांनीच घाईत छावणी उभारली? टेबलावर आम्ही बांध सुटा ठेवला आहे. खेळ सुरू होण्याआधी फासा टाकून ठरवतो, तो कुणाचा.

वाटेवर एक खेचर आहे. काल्क्रीझच्या उत्खननात खेचराचा सांगाडा गळ्यातल्या घंटेसह सापडला, आणि घंटेत गवत कोंबलेलं होतं. आवाज होऊ नये म्हणून, असा तर्क आहे. मिनिएचरवर ती घंटा म्हणजे मोहरीएवढा एम-सीलचा थेंब. दिसत नाही. सांगावं लागतं.

आता राहिले आर्मिनियसचे लोक. बाजारातल्या जर्मन पेटीत उघडी छाती, फ्रामेआ म्हणजे जर्मन भाला, केसांची गाठ. आर्मिनियसबरोबर फुटलेल्यांत रोमच्या सहायक फौजेत राहिलेलेही असणार. त्यांच्या अंगावर साखळी चिलखत, कमरेला रोमन पट्टा, हातात सपाट लंबगोल ढाल. म्हणजे पहिल्या दिवशी जंगलाच्या कडेला उभा राहिलेला हल्लेखोर रोमन सहायकासारखाच दिसायला हवा. तेव्हा सहायकांच्या उरलेल्या स्प्रूमधून (सुटे भाग जोडून येतात ती प्लास्टिकची चौकट) त्यांची एक तुकडी करायला घेतली आहे. ढालींवर चिन्ह एकच ठेवायचं, दोन्ही बाजूंना. कोणती तुकडी कुणाच्या बाजूची, ते फक्त बेसच्या खाली लिहिलेलं असेल, आणि पहिला हल्ला होईपर्यंत रोमन खेळाडूने बेस उचलून बघायचा नाही.